नीट-पीजीत मध्यम गुण मिळाले, म्हणजे सर्जन होण्याचे दार बंद झाले का?

यावल तालुक्यातल्या केळी उत्पादकाच्या घरातली मुलगी एमबीबीएस होते, तेव्हा गावाला वाटते की आता डॉक्टर झालीच. घरात मात्र पुढची चिंता सुरू होते. तिला सर्जन व्हायचे आहे आणि नीट-पीजीत गुण मधलेच आले आहेत. आणखी एक वर्ष अभ्यास करायचा, की मिळेल ती जागा घ्यायची?

परीक्षा काय मोजते?
२०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला १ वजा. प्रवेशासाठी मुलाखत नाही, शिफारसपत्रही नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी दोन्ही लागतात आणि तिथल्या पहिल्या परवाना परीक्षेत तर जानेवारी २०२२ पासून गुण देणेच बंद झाले. फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. आपल्याकडे सारे रँकवर. त्यामुळे वशिल्याला वाव कमी राहतो, हे खरे. पण हात किती स्थिर आहे, रात्री दोन वाजता निर्णय घेता येतो का, हे रँक सांगत नाही.

मग वाटा कोणत्या?
सरकारी महाविद्यालयांतल्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजी प्रवेशातले अधिवासावर आधारित आरक्षण रद्द केले. संस्थेनुसार प्राधान्य मात्र कायम आहे. म्हणजे दाखला कुठला, यापेक्षा एमबीबीएस कुठून केले, याला आता जास्त महत्त्व आहे.

एमएसइतकाच डीएनबीचा विचार करावा. तीही तीन वर्षांची पदवी, प्रवेश त्याच नीट-पीजीतून. कान-नाक-घसा, नेत्ररोग, स्त्रीरोग या शस्त्रक्रियेच्या शाखांत दोन वर्षांची एनबीईएमएसची पदविकाही आहे. सरकारी सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी राज्य कोट्यात वेगळ्या जागा असतात. अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा न घेता बाहेर पडता येते. पुढच्या फेऱ्यांत मात्र अनामत रक्कम जप्त होऊ शकते. म्हणून पसंतीक्रम भरताना घाई नको.

'कटऑफ शून्य' म्हणजे सर्जरी मिळाली?
नाही. २०२३ मध्ये पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आली होती. त्याने समुपदेशनात बसता येते, शाखा मिळत नाही. रिकाम्या राहतात त्या बहुतेक अ‍ॅनाटॉमी, बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयांच्या जागा.

जनरल सर्जरी म्हणजे दुय्यम शाखा नव्हे
वरच्या रँकचे बरेच विद्यार्थी आधी रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग निवडतात. सर्जरीत रात्रीची धावपळ आणि जबाबदारी मोठी. त्यामुळे मध्यम रँकलाही कुठे ना कुठे जनरल सर्जरीची आशा धरता येते. महाविद्यालयाच्या नावापेक्षा तिथे शिकाऊ डॉक्टरच्या हातून किती शस्त्रक्रिया होतात, हे आधीच्या तुकडीला विचारून घ्यावे. पुढे न्यूरो किंवा युरोचे स्वप्न असेल, तर नीट-एसएसमधून एमसीएचची वाट उघडी आहेच. एका मोठ्या शहरासाठी किंवा एकाच शाखेसाठी दोन-तीन वर्षे घालवणे हा बहुतेकांसाठी तोट्याचा सौदा आहे.

यावलला यातून काय मिळणार?
सातपुड्याच्या पाड्यावर कुणाचे अपेंडिक्स फुटते, तेव्हा गाडी भुसावळ-जळगावच्या रस्त्याला लागते. त्या रुग्णाला सर्जनचा रँक माहीत नसतो. त्याला वेळेत भेटणारा सर्जन हवा असतो. पण सर्जन एकटा काही करू शकत नाही. भूलतज्ज्ञ, रक्तसाठा आणि चालू शस्त्रक्रियागृह लागतेच. पीजीच्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक आहे. त्यातले काही आठवडे या सोयींसह तालुक्याला द्यावेत. मध्यम गुणांचा सर्जन तालुक्यात टिकवायचा असेल, तर सरकारने सुरुवात इथून करावी.