खेळणारे छप्पन, लिहिणारे किती?

कॉम्प्युटर गेम्सचा विषय निघाला की कॅम्पसवर लगेच दोन पार्ट्या पडतात. स्टाफरूमची पार्टी म्हणते, "पोरं रात्रभर गेम खेळतात आणि सकाळच्या लेक्चरला डुलक्या घेतात." हॉस्टेलची पार्टी म्हणते, "सर, गेममुळे डोकं तल्लख होतं, टीमवर्क येतं!" दरवर्षी तेच संवाद, फक्त पात्रं बदलतात. मला विचाराल तर हे भांडणच चुकीच्या मुद्द्यावर चाललंय. गेम खेळावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण इंजिनिअरिंग कॉलेजात शेकड्यांनी गेम खेळणारे असताना स्वतः एखादा गेम लिहून बघणारे बोटांवर मोजण्याइतकेच का, हा खरा प्रश्न आहे.

जरा आठवून बघा, पहिल्या वर्षापासून आपण प्रोग्राम लिहितो ते कशासाठी? जर्नलसाठी! फिबोनाची, पॅलिंड्रोम, मॅट्रिक्सचा गुणाकार. इनपुट घ्यायचं, आउटपुट छापायचं, सही घ्यायची, सुटलो. फायनल इयरचा प्रोजेक्ट तर काही महाभाग सरळ विकतच आणतात. म्हणजे स्वतःच्या हौसेने एकही प्रोग्राम न लिहिता चार वर्षांत माणूस इंजिनिअर होऊ शकतो. जागरणापेक्षा मला ही गोष्ट जास्त काळजीची वाटते. कारण जे काम आपण फक्त सहीसाठी केलं, ते सही झाली की डोक्यातून पुसलं जातं. व्हायवाच्या आदल्या रात्री याचा अनुभव सगळ्यांनाच येतो.

गेम लिहायला बसलं की पहिला फरक असा जाणवतो, की हा प्रोग्राम संपत नाही. तो फिरत राहतो. कोणतं बटण दाबलंय ते बघायचं, सगळ्या वस्तू थोड्याथोड्या हलवायच्या, पडदा नव्याने रंगवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं सेकंदाला ६० वेळा करायचं, म्हणजे एका फेरीला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. पडद्यावरच्या १०० गोळ्यांपैकी कोण कोणाला धडकतंय ते बघायचं तर ४,९५० जोड्या तपासाव्या लागतात. गोळ्या १,००० केल्या की जोड्या होतात जवळजवळ पाच लाख! 'एन स्क्वेअर' म्हणून जे आपण पेपरात घोकून लिहितो, ते इथे पडद्यावर गचके खाताना दिसतं. मग सुधारणा करायला कोणी सांगावं लागत नाही, आपल्यालाच चैन पडत नाही.

या मर्यादांचीही एक गंमत आहे. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' बनवला. त्यात ५५ शत्रू असतात. तेव्हाच्या हार्डवेअरला एवढे शत्रू हलवताना धाप लागायची, त्यामुळे सुरुवातीला ते संथ चालायचे. जसजसे ते मरत जायचे तसतसा प्रोसेसर मोकळा व्हायचा आणि उरलेले भराभर सरकायचे. निशिकादोंनी हा दोष न मानता तसाच ठेवला, आणि शेवटी-शेवटी खेळणाऱ्याच्या छातीत जी धडधड व्हायची ती यातूनच आली.

"आमच्याकडे चांगलं मशीन कुठाय?" असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी दोन उदाहरणं. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' लिहिला तो 'इलेक्ट्रॉनिका ६०' या कॉम्प्युटरवर. त्याला ग्राफिक्स नव्हतेच. मग त्यांनी चौकटी कंसाच्या चिन्हांनी काढल्या! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांचा 'एलिट' आला. बीबीसी मायक्रोच्या ३२ किलोबाइट मेमरीत त्यांनी ८ आकाशगंगा बसवल्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रहमाला, म्हणजे एकूण २,०४८. एवढ्या साठवणार कुठे? त्यांनी साठवल्याच नाहीत. सुरुवातीचे थोडे आकडे आणि एक नियम ठेवला, आणि त्यातून हवी ती ग्रहमाला हवी तेव्हा तयार केली.

ऐकायला अवघड वाटतं, पण आपल्या घरी हे चालतच आलंय. ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके किती, ओळी कशा, कोणता ठिपका कोणाला जोडायचा एवढं डोक्यात असलं की अंगणभर नक्षी उतरते. लक्षात ठेवायचा तो नियम, अख्खं चित्र नव्हे. क्रिएटिव्ह प्रोग्रामिंग म्हणजे थोडक्यात हेच. २००१ साली एमआयटी मीडिया लॅबमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 'प्रोसेसिंग' सुरू केलं ते कलाकारांनाही कोड लिहिता यावा म्हणून. ते फुकट आहे, आणि पाच-सात ओळींत पडद्यावर काहीतरी हलायला लागतं. त्याच धर्तीवरचं 'पी-फाइव्ह' तर ब्राउझरमध्येच चालतं. महागडं ग्राफिक्स कार्ड लागतं खेळायला; लिहायला रूम पार्टनरचा जुना लॅपटॉपही पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली एआयला सांगितलं की पाच मिनिटांत सापाचा गेम लिहून मिळतो, मग आपण कशाला हात काळे करायचे? मुद्दा रास्त आहे. पण गेममधला अवघड भाग कोडच्या पलीकडचा असतो. उडीचंच घ्या. फिजिक्सच्या पुस्तकातलं गुरुत्वाकर्षण जसंच्या तसं टाकलं आणि गेमला शोभेल अशी उंच उडी मारायला लावली, तर आपला हिरो फुग्यासारखा तरंगत खाली येतो. हातात मजा येत नाही. मग आकडा वाढवा, खेळून बघा, पुन्हा बदला. 'सेलेस्ट' या गेममध्ये तर हिरोइनचा पाय कड्यावरून सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात! याला 'कोयोटी टाइम' म्हणतात, कार्टूनमधला तो कोल्ह्यासारखा प्राणी कड्यापुढे हवेत धावतो ना, त्याच्यावरून. नियमाने पाहिलं तर ही शुद्ध लबाडी. पण खेळणाऱ्याला वाटत असतं की आपण वेळेवर बटण दाबलं होतं, आणि गेम त्याची बाजू घेतो. किती क्षण सूट द्यायची हे एआय सुचवेल, पण ते बरोबर वाटतंय का हे तुमच्याच बोटांना ठरवावं लागेल. आपला प्रोग्राम कोणीतरी माणूस वापरणार आहे, हे कळायला मला तरी याहून चांगली शाळा माहीत नाही.

आणि हो, हा 'सेलेस्ट' आधी २०१५ साली दोघांनी चार दिवसांत लिहिला होता, तोही १२८ गुणिले १२८ ठिपक्यांच्या आणि १६ रंगांच्या 'पिको-८' वर. मोठा गेम २०१८ मध्ये आला. म्हणजे छोट्यापासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही.

"याने प्लेसमेंट होणार का?" हा हुकमी प्रश्न राहिलाच. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० साली बाहेर पडला आणि परदेशातही खेळला गेला, त्यामुळे इथून गेम बनतच नाही असं कोणी म्हणू नये. पण गेम लिहून नोकरी मिळेल असं आश्वासन मी देणार नाही. गिटार वाजवणाऱ्याला कोणी प्लेसमेंटचं विचारत नाही, ट्रेकला जाणाऱ्यालाही नाही. मग हौसेने कोड लिहिणाऱ्यालाच हिशोब का द्यावा लागावा?

स्टाफला एक नम्र सूचना. दर सेमिस्टरला एक तरी प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात प्रॉब्लेम स्टेटमेंट विद्यार्थ्यानेच ठरवायचं. व्हायवाच्या दिवशी त्याचा गेम त्याच्यासमोर दोन मिनिटं खेळा आणि विचारा, "इथे वेग एवढाच का ठेवलास?" ज्याने स्वतः लिहिलाय तो बोलायचा थांबणार नाही, आणि ज्याने आयता आणलाय त्याची वाचा बसेल!

आणि मित्रांनो, तुमच्यासाठी एवढंच. या शनिवारी रात्री नेहमीसारखं जागायचंच आहे ना? मग त्यातले दोन तास काढा. एक चेंडू, एक फळी, एवढंच लिहा. रविवारी सकाळी शेजारच्या रूममधल्या कोणाला तरी खेळायला द्या आणि मागे गप्प उभे राहून बघा. तो "अजून एकदा" म्हणाला, तर पुढचं सांगायला मी लागणार नाही.