खटका पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका

घरात एमसीबी बसवला म्हणजे विजेच्या आगीची भीती गेली, असा समज आपल्या चाळी-वस्त्यांतून पसरला आहे. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे.

एमसीबी फक्त करंट किती वाहतो एवढेच पाहतो. 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी घ्या. शॉर्ट सर्किट होऊन 160 अँपिअर करंट उसळला, तर तो सेकंदाच्या दहाव्या भागात पडतो. पण 23 अँपिअरच्या आसपास वाहू लागला, तर पडायला तासभरही लागू शकतो. मानकच त्याला तेवढी मुभा देते.

आता पाणी तापवायचा 1500 वॉटचा रॉड पाहू. तो साधारण साडेसहा अँपिअर घेतो. त्याची पिन सॉकेटमध्ये ढिली बसली, की आत तडतड होऊन ठिणग्या उडतात. करंट मात्र वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. एमसीबीच्या लेखी सारे आलबेल! तिकडे ठिणगीच्या हजारो अंशांच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते, त्याचा कोळसा होतो, आणि त्या कोळशातूनही वीज वाहू लागते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी शॉकपासून जीव वाचवतो, तो बसवावाच. पण करंट जमिनीकडे गळाल्याशिवाय तोही हलत नाही.

ही ठिणगी ओळखणारे उपकरण आता मिळते. अमेरिकेने 1999 च्या वीज-नियमावलीत झोपण्याच्या खोल्यांसाठी ते घातले. त्याची परीक्षा घेताना मुद्दाम जाळून कोळसा केलेली वायर जोडतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 230 व्होल्टवर 5 अँपिअरची ठिणगी त्याने अर्ध्या सेकंदात तोडली पाहिजे. शिवाय मोटारीच्या साध्या ठिणगीने फसता कामा नये. नाहीतर मिक्सर लावला की घरात अंधार!

हे उपकरण साध्या एमसीबीपेक्षा कितीतरी महाग आहे. तेव्हा भगिनींनो, रॉड किंवा इस्त्री वापरून झाली की बटन बंद करून पिनेला हात लावून पाहा. ती चटका देण्याइतकी तापली असेल, सॉकेट पिवळे-काळे पडले असेल, जळका वास येत असेल, तर ते सॉकेट पुन्हा वापरू नका. वरून टेप गुंडाळून काही होत नाही. वायरमनकडून मेन बंद करून सॉकेट बदलून घ्या, आणि बोर्डातले सगळे स्क्रू आवळून घ्या. तासन्‌तास चालणारा रॉड एक्स्टेंशनवर लावू नका.

भाड्याच्या खोलीत मालक म्हणतो, "खटका पडत नाही ना, मग काय बिघडले?" त्याला वरचे आकडे जरूर ऐकवा.