सरासरीचा पाऊस

पुण्याहून सोलापुरास येताना लांबोटीचा चिवडा आणि सीनेचा पूल मागे पडला, की थोड्याच वेळात चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीची पत्र्याची छपरे उन्हात चकाकू लागतात. पलीकडे ज्वारीची काळी राने, मध्येच उसाचा हिरवा चौकोन, बांधावर वेडी बाभूळ. आणि या सर्वांच्या माथ्यावर जे आकाश आहे, त्याचा हिशेब सरकारी दप्तराने एका आकड्यात मिटविलेला आहे: जिल्ह्याची वार्षिक सरासरी, सुमारे साडेपाचशे मिलिमीटर. हा आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु सरासरीचा पाऊस आजवर कोणाच्याच शेतावर पडलेला नाही, आणि अलीकडे तर पडणारा पाऊस त्या सरासरीच्या आसपासही फिरकेनासा झाला आहे.

तीन पावसाळ्यांचाच जमाखर्च पाहावा. १९०१पासूनच्या देशव्यापी नोंदीत सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्ट २०२३चा. त्या वर्षी उजनी धरण जेमतेम साठ टक्के भरले, आणि ऑक्टोबरअखेर शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत करमाळा, माढा, बार्शी, सांगोला आणि माळशिरस हे पाच या एकाच जिल्ह्याचे होते. माढ्यालगतचा मोहोळ तालुका मात्र त्या यादीत नव्हता. माढ्याच्या शिवेवर येऊन अवर्षणाने तहसीलदाराची परवानगी मागितली असावी. पुढच्या जूनमध्ये उजनी वजा साठ टक्क्यांच्या घरात गेली, ऑगस्टच्या आरंभी ती भरली, आणि २०२५च्या सप्टेंबरात सीनेस असा महापूर आला की ज्या लांबोटीस प्रवासी चिवड्यासाठी थांबतो, तेथेच महामार्ग बंद करावा लागला.

‘वजा साठ टक्के’ हे परक्या माणसास चमत्कारिक वाटेल. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी पाण्यापैकी ६३ टीएमसींहून अधिक मृतसाठा आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी शून्याखाली मोजावयाचे. अशा धरणाच्या भरवशावर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने उभे राहिले, ही गोष्ट हवामानाच्या माथी मारता येणार नाही. ती आमची स्वतःची कमाई आहे.

हवामानाच्या माथी जे मारता येते, त्याचे कारण भौतिकशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात सापडते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, तर तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते; मग ती हवा बाष्प पुष्कळ काळ धरून ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. याच संस्थेने २०१८ आणि २०१९मध्ये सोलापुरावरच्या ढगांत बीजारोपणाचे प्रयोग करून सरासरी सुमारे अठरा टक्के पर्जन्यवृद्धी नोंदविली. प्रयोग मोलाचा आहे. मात्र बीजारोपणास ढग लागतो, आणि २०२३च्या ऑगस्टात नेमकी वाण त्याचीच होती.

खरा घाव बसतो तो रब्बीवर. येथील खरीप पूर्वीपासूनच बेभरवशाचा. कुणब्याची भिस्त उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर. त्या पावसाने भारी काळी जमीन ओलीने भरून घ्यावयाची, वापसा येताच पाभर धरावयाची, आणि पुढे वरून थेंब न पडताही पोटातल्या ओलीवर ज्वारीने हुरड्यास यावयाचे, हा व्यवहार इतका जुना आणि इतका नेमका, की ज्या मालदांडी ३५-१ वाणाची भाकरी महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, ते वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडले गेले. आता उत्तरा नक्षत्राचा पाऊस आठवडाभराचा वाटा एका रात्रीत ओततो. माथ्याची माती ओढ्यास जाते, सखल रानात तळे साचते, वापसा येता येत नाही, पेरणी लांबते, आणि लांबलेल्या पेरणीचे पीक दाणा भरण्याच्या ऐन वेळी ओल गमावून बसते. वर्षअखेर तालुक्याचा आकडा मात्र सरासरी ओलांडून ऐटीत उभा असतो! डाळिंबवाल्याची कथा निराळी नाही. त्याच्या बहरांची नावेच मृग बहर, हस्त बहर. बाग ताणावर सोडलेली असताना अवेळी सर आली की ताण मोडतो, आणि दमट हवेत तेल्या रोग पसरतो. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र याच महामार्गावर केगावास आहे. तेथील शास्त्रज्ञांनी कितीही उपाय सुचविले, तरी नक्षत्रांची शिस्त त्यांच्या हाती नाही.

जे हाती आहे ते चिंचोळीच्या त्या पत्र्यांवर आहे. एक एकर छपरावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस लाख लिटर पाणी होते. चौथाई वाया गेले असे धरले, तरी दहा हजार लिटरचे दीडशे टँकर भरतात. पाऊस चार रात्रींत कोसळणार असेल, तर तो झेलण्यास काळ्या मातीपेक्षा पत्रा अधिक सोयीचा. भूखंडाच्या करारनाम्यात जलसंचयाची अट घालावी आणि ती कागदोपत्री न राहता दर मे महिन्यात टाक्या व पुनर्भरणाचे खड्डे यांची प्रत्यक्ष तपासणी व्हावी. हे काम नव्या धरणाहून पुष्कळ स्वस्त आहे.

आणि महसूल खात्याकडे एक मागणे. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी, २१ दिवस झाला नाही की २०२५पूर्वीच्या पीकविम्याच्या भाषेतला खंड. दोन्हींची दखल घेतली गेली, पण निरनिराळ्या नस्त्यांत, जणू ही संकटे दोन वेगळ्या खातेदारांवर येतात. एकाच गटनंबरावर, एकाच हंगामात दोन्ही आल्यास ती एकाच पंचनाम्यात यावीत. आणि पर्जन्याच्या तक्त्यात जेथे केवळ मिलिमीटर लिहिले जातात, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: हा पाऊस किती तासांत पडला. कागदावर त्यास दोन बोटे जागा पुरेल.