येळवशीची भज्जी पाकिटात

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळचे क्लास सुटले की रस्त्यावर पोरांचा लोंढा येतो. वडापाव, पाणीपुरी आणि चायनीजच्या गाड्यांना गर्दीचा वेढा पडतो. त्याच रस्त्यावरच्या किराणा दुकानांत एक फळी अलीकडं रुंदावत चालली आहे. तिच्यावर दाल मखनी, राजमा, पालक पनीर, व्हेज पुलाव अशी खोकी असतात. खोक्यात चंदेरी पाकीट. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकायचं, फाडायचं आणि खायचं. खोलीवर गॅस ठेवायला घरमालकाची मनाई असते, विजेची किटली मात्र चालते, निदान चोरून तरी चालवली जाते. ‘नीट’चा अभ्यास करणाऱ्या पोरीला रात्री साडेअकराला भूक लागली तर मेस बंद आणि घर मुखेडला नाहीतर देगलूरला. नांदेडला भाग्यनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीच्या कपाटात अशी दोन-चार पाकिटं कायम असतात. “मावशी, आईला सांगू नकोस,” असं तिनं मला बजावलंय.

सांगण्यासारखं त्यात काय आहे, ते मला कळलेलं नाही. पण पाकिटाला नाकं मुरडणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आपल्यात असलं कधी नव्हतं. नव्हतं कसं? प्रवासाला निघताना दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या काय होत्या? तीन दिवस टिकणारे धपाटे, सोलापूरकडची कडक भाकरी, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी, भातावर घालायचं मेतकूट, पाण्यात गूळ घालून कालवायचं सातूचं पीठ, हे सगळं तयार अन्नच. त्यात आपला प्रांत चांगलाच मुरलेला होता. आजही गावाकडून सकाळच्या एसटीनं लातूरला डबे येतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये पिशव्या रचलेल्या असतात, पिशवीवर पोराचं नाव आणि नंबर.

फक्त ही सोय खाणाऱ्याची होती. करणारी पहाटे चारला उठून चुलीपुढं बसलेली असायची. कारळ भाजणं, जवस निवडणं, उखळात कांडणं ही कामं कुणी मोजली नाहीत आणि त्यांचे पैसेही कुणी दिले नाहीत. पाकिटानं पहिल्यांदा काय केलं असेल तर ती मेहनत बाईच्या हातातून काढून यंत्राकडं दिली. म्हणून ‘आजकालच्या बायकांना कंटाळा’ हे वाक्य ऐकलं की मी बोलणाऱ्याकडं बघते. बहुतेक वेळा त्याच्या पुढ्यात वाढलेलं ताट असतं.

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत स्वयंपाकापेक्षा नंतरची भांडी घासायची धास्ती जास्त होती. पाकीट उकळलेलं पाणी गाळून पुन्हा वापरता येतं, हा हिशेब ज्यानं तो उन्हाळा काढला त्यालाच सुचतो. त्या पाकिटाचा कचरा मात्र कुणी घेत नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात की भंगारवालासुद्धा हात लावत नाही.

दुसरा आक्षेप ‘केमिकल’चा. वर्षभर टिकतं म्हणजे त्यात काहीतरी घातलेलंच असणार, असं लोकांना वाटतं. खरं तर अशा बहुतेक पाकिटांना टिकवण्यासाठी वेगळं काही घालायची गरज नसते. शिजवलेली भाजी पाकिटात भरून तोंड बंद करतात आणि मग दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्याला रिटॉर्ट म्हणतात. घरच्या कुकरचंच हे मोठं आणि कडक शिस्तीचं भावंड. बोट्युलिनमसारख्या जिवाणूंचे चिवट बीजाणूही त्यात मरतात आणि बंद पाकिटात नवे शिरत नाहीत, म्हणून अन्न टिकतं. पाकीट फुगलेलं किंवा गळतं दिसलं तर मोह न धरता फेकून द्यावं, आणि फोडलं की त्याच वेळी संपवावं. फोडलेलं पाकीट साध्या भाजीसारखंच नासतं.

अशा पाकिटातून जगात पहिल्यांदा बाजारात आलेला पदार्थ होता करी, तीही जपानी. ‘बॉन करी’ १९६८ साली तिथं विकायला आली. आपल्याकडं म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं हे तंत्र सैनिकांसाठी बसवलं आणि तिथून ते एमटीआरसारख्या कंपन्यांकडं गेलं. पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातल्या भांडगावचा ‘टेस्टी बाइट’चा कारखाना तर अमेरिकेतल्या दुकानांसाठी डाळी आणि राजमा भरतो. परदेशातल्या मराठी घरांत ही पाकिटं कुणी लपवत नाही. लपवाछपवी नांदेडच्या कपाटातच.

आता पोषणाचं. डाळीतली प्रथिनं, खनिजं आणि चोथा या तापवण्यात फारसा जात नाही. जातं ते क जीवनसत्त्व आणि बरंचसं ब-१. म्हणजे डाळी-कडधान्यांची पाकिटं बरी उतरतात, पालेभाज्यांची त्या मानानं कमी. भाचीला मी सांगितलंय, राजमा खा, पण वर लिंबू पीळ आणि सोबत कच्चा कांदा, टोमॅटो, गाजर, जे मिळेल ते घे. लिंबामुळं डाळीतलं लोह अंगी लागायलाही मदत होते. आपल्याकडच्या मुलींना त्याची गरज किती आहे, ते कोणताही डॉक्टर सांगेल.

खरी गोम पाकिटाबाहेर आहे. पाकीट हे अर्धं जेवण असतं. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की माणसाला दर किलो वजनामागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. पंचावन्न किलोच्या बाईला ती सेहेचाळीस ग्रॅमच्या आसपास होतात. तीनशे ग्रॅमच्या डाळीच्या पाकिटातून बारा-पंधरा ग्रॅम मिळतात. सोबत ज्वारीच्या दोन चांगल्या भाकरी असल्या तर जवळपास तेवढीच त्यांतून मिळतात, आणि ज्वारीत जे कमी असतं ते डाळ भरून काढते. एका जेवणात दिवसाची निम्मी गरज भागली. हेच पाकीट पावाबरोबर किंवा नुसतं चमच्यानं खाल्लं तर हिशेब लंगडतो. पोरं नेमकं तेच करतात, कारण ताजी भाकरी पाकिटात मिळत नाही. ती मेसवाल्या मावशींच्या तव्यावरच मिळते.

आणि मीठ. खोक्याच्या मागं सोडियमचा आकडा बारीक अक्षरात असतो. समजा शंभर ग्रॅमला साडेचारशे मिलिग्रॅम लिहिलंय. तीनशे ग्रॅमच्या पाकिटात साडेतेराशे झाले, म्हणजे जवळपास साडेतीन ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमची. वर लोणचं, पापड आणि संध्याकाळचं फरसाण धरा. पुन्हा खोक्यावर लिहिलेलं असतं ‘दोघांसाठी’, त्यामुळं ‘एका वाढणीचा’ आकडा निम्माच दिसतो. रात्री साडेअकराला भुकेजलेली पोरगी अर्धं पाकीट कुणासाठी ठेवणार?

तयार जेवणाचा विषय नांदेडला निघाला आणि लंगरचं नाव आलं नाही असं होत नाही. हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कुणीही जाऊन पंगतीत बसावं आणि गरम डाळ-रोटी खावी. सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरला निघालात तर वाटेत परभणी, जालना, भोपाळ, दिल्ली अशा स्थानकांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात. कधी कढी-भात, कधी छोले, कधी खिचडी. पैसे नाहीत, पाकीट नाही. जाणकार प्रवासी ताट-वाटी घरूनच नेतात, वातानुकूलित डब्यातलेसुद्धा. खाणाऱ्यासाठी याहून सोयीचं शाकाहारी जेवण देशात शोधून सापडणार नाही. लंगरच्या रसोईत पुरुषही कणीक मळतात, भांडी घासतात. म्हणून ती सोय एकट्या बाईच्या पाठीवर उभी नाही. घराघरांत हे व्हायला किती पिढ्या लागतील, देव जाणे. तोवर दमलेल्या बाईनं आठवड्यातल्या दोन रात्री पाकीट फोडलं तर माझी काही हरकत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. लातूर तुरीचं आणि सोयाबीनचं मोठं मार्केट. इथल्या डाळमिलची डाळ देशभर जाते. आणि ट्यूशन एरियातल्या त्या फळीवर बघावं तर सगळं पंजाबी हॉटेलातलं मेनूकार्ड! लोणी, मलई, पनीर. आपल्या खाण्यातलं पाकिटात जाण्याजोगं काही नाही का? मला तर एक पदार्थ ताबडतोब आठवतो, येळवशीची भज्जी. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजेच येळवशीला, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सगळी माणसं रानात जातात, बाजारपेठा ओस पडतात. आंबील, बाजरीचे उंडे, खीर आणि भज्जी. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे, शेंगदाणे, मेथी, आंबटचुका, सगळं बेसनाच्या पिठात शिजवलेलं. रिटॉर्ट सोसणारी कडधान्यं तीच, प्रथिनं भरपूर, मलईचा थेंब नाही. आंबटचुक्याचा रंग काळवंडेल, चव थोडी बदलेल, ते गृहीत धरू. रिटॉर्टचं यंत्र एखाद्या बचत गटाच्या आवाक्यातलं नाही, पण दहा-वीस गटांना मिळून एक सामाईक युनिट चालवता येईल. तंत्र शिकायला म्हैसूर गाठायचीही गरज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे.

ही कल्पना मी आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या मावशींना ऐकवली. दोन्ही वेळेला पन्नास-साठ डबे भरणाऱ्या बाई, मला वाटलं धंद्याच्या भीतीनं चिडतील. त्यांनी आधी विचारलं, “ताई, पाकीट कितीला पडंल?” शंभरच्या आसपास, मी म्हटलं. “तेवढ्यात माझ्याकडं पोरगं दोन टाइम पोटभर जेवतंय. लहान पाकिटाचं मला भ्या नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पाच किलोचं निघालं तर मला सांगा. येळवशीला माझ्याकडच्या साऱ्या बाया रानात जातात बघा. त्या दिवशी लागंल.”