नगरसेवकाला दोनच टर्म? चालेल. पण प्रशासकाचं काय?

मंडळी, जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली तेव्हापासून आमच्या चहाच्या टपरीवर एकच विषय आहे. "नगरसेवकाला दोन टर्म बास. तिसऱ्यांदा उभंच राहू द्यायचं नाही!" बोलणाऱ्या काकांनी आयुष्यभर दोन-तीन पक्षांचे झेंडे लावलेत, त्यामुळे राग खरा आहे.

मागणीही चुकीची नाही. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग १० वर्षांच्या पुढे राहता येत नाही, तसा कायदा आहे. मग बारा हजार कोटींच्या वरचं बजेट मंजूर करणाऱ्या सभागृहात एकच माणूस वीस-वीस वर्षं का बसावा?

पण एक गोष्ट विसरू नका. खुर्ची सोडायला लावणारी सोय आपल्याकडे आधीपासून आहे : आरक्षणाची सोडत. त्यातून अनेक कर्तबगार बायका पुढे आल्या, हे खरंच. पण कित्येक प्रभागांत काय झालं? जागा महिलांसाठी राखीव पडली, साहेब थांबले, वहिनी उभ्या राहिल्या. फ्लेक्सवर फोटो दोघांचे आणि फोन उचलणार साहेबच! दोन टर्मचा नियम आला तरी हेच होणार. माणूस बदलेल, घर तेच राहील.

आता मुद्द्याचं बोलतो. राज्यघटनेत एक मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक. पुण्यात मुदत संपली १४ मार्च २०२२ ला. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेऱ्या यात पावणेचार वर्षांच्या वर गेली. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. तोवर कारभार प्रशासकाकडे.

समाविष्ट गावांचं तर विचारूच नका. ३० जून २०२१ ला २३ गावं पालिकेत आली. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेला आणि नगरसेवक काही मिळाला नाही. साडेचार वर्षं! २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले, पिण्याच्या पाण्यावर संशय आला. नांदेड, किरकटवाडी ही त्याच २३ मधली गावं. तेव्हा बातमीसाठी फिरताना एका मावशींनी विचारलं, "दादा, आता भांडायचं तरी कुणाशी?" पत्रकार असून माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. सलग दोन टर्म, मग एक टर्म घरी, हे मला मान्य. पण त्याच कायद्यात प्रशासकालाही मर्यादा घाला : सहा महिने, वर एक दिवस नाही. नको असलेला नगरसेवक आपण मत देऊन पाडू शकतो. प्रशासकाला पाडायला मतपेटीच नसते.

आताच्या सभागृहाची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. तेव्हा आपण "किती टर्म?" यावर वाद घालत बसू आणि निवडणूकच पुढे ढकलली जाईल, असं होऊ देऊ नका.

तुमच्या भागात त्या चार वर्षांत कुठलं काम अडलं? कमेंटमध्ये लिहा. पक्ष बाजूला ठेवून लिहा.