चालण्याचा हक्क कोणाच्या पायांना?

युरोप पाहून आलेला मुंबईकर एक गोष्ट हमखास सांगतो : तिथे चालायला काय सुख आहे! आठ दिवस लंडन एकट्याने, बहुतेक पायीच फिरून परत निघताना आमचेही मत तेच झाले. सलग पदपथ, जागोजागी बाके, माणसासाठी थांबणाऱ्या गाड्या. पण हे सुख फक्त फरशीचे नव्हते. आठ दिवसांत आम्हाला कोणी आडनाव विचारले नाही आणि ते ऐकून 'म्हणजे तुमच्यात कोण?' असे चाचपले नाही. सुखाचा हा अर्धा भाग प्रवासवर्णनांत येत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना तो इथेही फुकट मिळतो.

भारतात रस्ता कधीच नुसता रस्ता नव्हता. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले. 1924 सालचा वायकोम सत्याग्रह मंदिरात शिरण्यासाठी नव्हता. मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे, एवढ्यासाठी होता. बाबासाहेब 1917 साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आले, तर पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावले गेले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे आपण विसरूनच गेलो होतो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुढे त्याच लंडनमध्ये 1921-22 साली 10, किंग हेन्रीज रोड येथे त्यांना राहायला खोली मिळाली.

म्हणून लंडन स्वर्ग ठरत नाही. महाराष्ट्र शासनाने 2015 साली हेच घर विकत घेऊन स्मारक केले. निवासी जागा कमी होते म्हणून तिथल्या कॅमडेन कौन्सिलने 2018 साली परवानगी नाकारली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आवाजाची तक्रार शेजाऱ्यांनी केली. परवानगी मिळायला 2020 साल उजाडले.

हा सूर ओळखीचा आहे. दरवर्षी 6 डिसेंबरला दादरमध्ये तो ऐकू येतो : गर्दी, कचरा, गैरसोय. लालबागची गणपतीची रांग म्हणजे 'श्रद्धा' आणि चैत्यभूमीची रांग म्हणजे 'गैरसोय'! रस्ता तोच, शहर तेच. पाय बदलले की शब्द बदलतात.

मुंबईचे रस्तेही असेच वाटले गेले. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. बाबासाहेब वर्षानुवर्षे राहिले ती परळची बीआयटी चाळ याच ट्रस्टची. जिथे पुढे राजगृह उभे राहिले, त्या हिंदू कॉलनीची आखणीही याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतली. कामगाराला चाळीतली खोली, मध्यमवर्गाला झाडांच्या सावलीचे रस्ते. पुढे गिरण्या गेल्या, लालबागला मोटारींसाठी उड्डाणपूल आला आणि परळ-एल्फिन्स्टनच्या अरुंद पादचारी पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी 23 माणसे चेंगरून मेली. गाडीवाल्याला पूल, चालणाऱ्याला चेंगराचेंगरी! याला नियोजन म्हणायचे की वर्णव्यवस्था?

चालण्याजोग्या शहराची मागणी आता उच्चभ्रूही करू लागले आहेत. आपण सावध राहिले पाहिजे. त्यांच्या पदपथावर फेरीवाला नको असतो, बेघर नको असतो आणि तो पदपथ पहाटे झाडणारा हात दिसायला नको असतो. तो हात बहुतेक वेळा आपल्याच समाजाचा असतो. त्याला कायम नोकरी, हातमोजे, बूट मिळत नसतील, तर तो स्वच्छ रस्ता म्हणजे कमरेच्या झाडूचीच नवी आवृत्ती आहे.

मग आपली मागणी काय? बीआयटी चाळ ते राजगृह ते चैत्यभूमी हा पायी रस्ता बाराही महिने चालण्याजोगा करा. सलग पदपथ, सावली, पाणी, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे, व्हीलचेअरला उतार. फेरीवाल्यांना 2014 च्या कायद्याप्रमाणे जागा आणि सफाई कामगारांना कायम नोकरी. 6 डिसेंबरचे मंडप चार दिवसांत उठतात; पदपथ उठत नाही. हा रस्ता महापालिकेच्या एफ दक्षिण, एफ उत्तर आणि जी उत्तर अशा तीन विभागांतून जातो. तिन्ही कार्यालयांत निवेदने गेली पाहिजेत आणि ती घेऊन तरुणांनी पायीच गेले पाहिजे.

7 डिसेंबर 1956 रोजी लाखोंनी बाबासाहेबांना याच दादरच्या चौपाटीपर्यंत पायी पोचवले.  आज मागायची आहे ती परवानगी नव्हे, हक्काचा रस्ता.

जय भीम!