ललाटलेख आणि तराजू



राई-मुर्धा परिसरातील आगरी घरांत बाळाच्या जन्मानंतर पाचवी पुजतात. आपल्या व्यापारी घराण्यांत छठी होते. रात्र निराळी, पण समजूत एकच : सटवाई म्हणा वा विधाता, कोणीतरी येऊन बाळाचे ललाट लिहून जाते. त्यासाठी बाळाजवळ कोरा कागद व लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांत आजही आहे.

प्राचीन इजिप्तमध्ये हे कार्य मेस्खेनेत या देवतेकडे होते. इसिससारखी कीर्ती तिच्या वाट्याला आली नाही. तेथील स्त्रिया विटांवर उकिडव्या बसून प्रसूत होत आणि त्या विटेलाच मेस्खेनेतचे रूप मानीत. चित्रांत ती कधी स्त्रीमुख असलेली वीट म्हणून दिसते. २००१ साली अबायडोस येथील उत्खननात अशी एक रंगीत वीट सापडली. सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या त्या विटेवर नवजात बालकाला घेतलेली माता चितारलेली आहे.

बर्लिन येथे जतन केलेल्या वेस्टकार पपायरसमध्ये एक कथा आहे. रुद्देदेत नावाच्या स्त्रीला तीन पुत्र होतात आणि प्रत्येकाच्या जन्मवेळी मेस्खेनेत पुढे येऊन त्याला राजपद लाभेल, असे सांगते.

परंतु तिचे कार्य एवढ्यावर संपत नाही. ब्रिटिश म्युझियममधील ‘आनीच्या पपायरस’मध्ये मृत्यूनंतरच्या न्यायाचे चित्र आहे. एका पारड्यात मृताचे हृदय, दुसऱ्यात सत्याचे पीस. आणि त्या तराजूजवळ मेस्खेनेत उपस्थित आहे. जन्मकाळी भाग्य सांगणारी देवता हिशेबाच्या वेळीही हजर राहते. मात्र तराजूत तिचे वचन नव्हे, त्या माणसाचे हृदय तोलले जाते.

व्यापारी माणसाला हे वेगळे समजावयास नको. चोपडापूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर आपण ‘शुभ-लाभ’ लिहितो. वर्षअखेरीची बाकी मात्र रोजच्या नोंदींतून निघते. कर्मसिद्धान्तही आपल्याला हेच शिकवितो. तरीही पेढी बुडाली की ‘नशिबात नव्हते’ म्हणून आपण मोकळे होतो. मुलीचे शिक्षण अर्ध्यावर थांबवितानाही हेच शब्द आपल्या तोंडी येतात, जणू तो निर्णय आपण घेतलाच नव्हता.

छठीच्या रात्री ठेवलेला कागद सकाळी कोराच असतो. त्यावर पुढे काय लिहिले जावे, याची जबाबदारी घरातील वडीलधाऱ्यांनी सटवाईवर ढकलू नये.